सासूबाईंची संध्याकाळ, नातवाची झोप: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं पन्नाशी-साठीतल्या बायकांची आहेत. वर ऐंशी ओलांडलेले सासू-सासरे, खाली रांगतं-चालतं नातवंड आणि दोघांच्या मधे त्या. नाशकात वीस वर्षं घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा केली, त्या अनुभवावरून उत्तरं देते आहे.

प्रश्न: सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. पाच वाजले की "मला घरी सोडा" म्हणत दाराची कडी काढायला जातात. नेमका तेव्हाच दोन वर्षांचा नातू झोपेतून रडत उठतो. सून सातला येते. दोघांना एकटी कशी आवरू? (इंदिरानगर)

ताई, आधी आठवून बघा: हे हळूहळू वाढत आलंय की दोन-चार दिवसांतच सुरू झालं? एकाएकी सुरू झालं असेल तर 'वयच झालं' म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, अंगात पाणी कमी पडणं, नव्याने सुरू केलेली एखादी गोळी, यांतलं काहीही म्हाताऱ्या माणसाला बावचळून टाकतं. आपल्याकडच्या थंडीत तर ही माणसं पाण्याला हातच लावत नाहीत, रात्री उठावं लागेल या भीतीने. डॉक्टरांना लगेच दाखवा, लघवी तपासून घ्या.

हळूहळू वाढलं असेल तर तो स्मृतिभ्रंश असू शकतो. त्याचीही तपासणी हवी. पण रोजची संध्याकाळ तर निभवायचीच आहे. उजेड उतरला की ओळखीची खोलीही त्यांना परकी वाटते, म्हणून साडेचारलाच घरातले सगळे दिवे लावा. आणि "हेच तुमचं घर आहे" असं पटवत बसू नका. माझी आई शेवटची दोन वर्षं रोज संध्याकाळी पदर खोचून दारात उभी राहायची. "सिन्नरला जायचंय, आई वाट बघत असेल." एकदा मी बोलून गेले, "अगं, आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली." तिने ती बातमी पहिल्यांदाच ऐकली होती. रात्रभर रडली. दुसऱ्या दिवसापासून मी विचारायला लागले, "तुझी आई काय करायची गं संध्याकाळी?" की ती खाली बसायची आणि चुलीवरच्या भाकरीचं सांगत राहायची.

नातवाला दुपारी लवकर झोपवा, म्हणजे पाचपर्यंत तो उठून, खाऊन शांत झालेला असेल. मग दोघांच्या मधे मेथीची जुडी ठेवा. आजी पानं खुडेल, नातू काड्या वाटीत टाकेल. मटार नकोत, दाणा लहान मुलाच्या घशात अडकतो. तुम्ही मात्र तिथेच बसा. "जरा बाळाकडे बघा" म्हणून दोघांना सोडून कुकर लावायला जाऊ नका. आणि दिवसभराची बाई परवडत नसेल, तर पाच ते सात एवढ्या दोनच तासांसाठी मावशी ठेवा. स्वयंपाक त्यांना करू द्या.

प्रश्न: वडिलांना (८६) कमरेला नागीण झाली आहे. घरात दहा महिन्यांची नात आहे. तिला धोका आहे का? वेढा पूर्ण झाला तर माणूस दगावतो म्हणतात. (नाशिकरोड)

वेढ्याचं मनातून काढून टाका. ते खरं नाही. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजण्यांचा विषाणू, जो नसेत दडून बसलेला असतो आणि पुन्हा उठतो. फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर सर्वांत चांगलं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नातीला नागीण होणार नाही, पण फोडांतल्या पाण्यातून कांजण्या होऊ शकतात. कांजण्यांची लस वर्षाच्या पुढे देतात, म्हणजे तिला ती मिळालेली नाही. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जागा कापडाने झाकलेली ठेवा, टॉवेल वेगळा, आणि आजोबांनी तिला उचलून घ्यायचं नाही. मन मोडेल त्यांचं, पण आठ-दहा दिवसांचाच प्रश्न आहे. आधीच हात लागला असेल तर बालरोगतज्ज्ञांना आजच सांगा.

प्रश्न: सासरे गोळ्यांचा डबा उशाशीच ठेवतात. नातू आता पलंगावर चढतो. (पंचवटी)

डबा आजच कुलपात ठेवा. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एक गोळीही एवढ्या मुलाची साखर धोकादायक खाली आणू शकते, आणि तेही काही तासांनी. गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला बसू नका, पाकीट घेऊन थेट रुग्णालयात जा.

प्रश्न: सासू-सासरे आमच्याकडे, दीर पुण्यात आणि मुंबईत. ते फोनवर चौकशी करतात, बस. खर्चही आमचा, उठबसही आमची. कायद्याने काही करता येतं का? (सिडको)

येतं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७च्या कायद्यानुसार आई-वडील प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहखर्च मागू शकतात, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत. पण अर्ज त्यांनी स्वतः किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने करायचा असतो, सून म्हणून तुमच्या नावाने नाही. आणि ऐंशीच्या माणसाला मुलांविरुद्ध सही करायला लावणं किती जड जातं, ते मी पाहिलंय.

त्याआधी एक करा. महिनाभर वहीत लिहा: औषधं, डायपर, रिक्षा, रात्रीची जागरणं, दवाखान्यातले तास. मग दोघा दिरांना एकत्र फोन लावून ती वही वाचून दाखवा आणि नेमकं मागा: एकाने मावशींचा पगार द्यायचा, दुसऱ्याने तीन महिन्यांतून एक आठवडा येऊन राहायचं. "थोडा हातभार लावा" म्हटलं की कुणीच लावत नाही.

सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे असतील तर केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. त्याला उत्पन्नाची अट नाही. घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेता येतात. बाहेरून रोज घ्यायच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

प्रश्न: माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. मुलगी म्हणते, "आई, तुझ्याशिवाय बाळाला कोण बघणार?" नाही म्हणायला जीव होत नाही. (गंगापूर रोड)

नाही म्हणू नका, तारीख सांगा. "अमुक दिवशी माझं ऑपरेशन आहे, पुढे काही आठवडे मला बाळाला उचलता येणार नाही," एवढंच. ती चिडेल, मग सुट्टी टाकेल किंवा पाळणाघर शोधेल. आत्ताच अर्ध्या दिवसासाठी पाळणाघर सुरू केलंत तर बाळही रुळेल. धूसर डोळ्यांनी तुम्ही त्याला कडेवर घेऊन जिना उतरता, याची मला जास्त काळजी वाटते. आणि नातवावरचं प्रेम याने कमी होत नाही, हे तिलाही कळेल, थोडं उशिरा का होईना.

तारीख ठरली की मला कळवा.