बोंडं कागदी पिशवीत घे

प्रिय पोरी,

परवा फोनवर मी म्हणालो, नोकरीसाठी ओळखी लागतात, कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांशी बोल. तू म्हणालीस, "काका, त्यायच्यासमोर मी कोन? काय म्हनून फोन करू?" तेव्हा बाजूला माणसं होती, म्हणून मी "बघू" म्हणून विषय तिथंच सोडला. आज झड लागली आहे, शेतात पाय ठेवता येत नाही. निवांत लिहितो.

तुझ्याएवढा असताना मी अकोल्याला कृषी विद्यापीठाच्या मेळाव्याला गेलो होतो. पहाटेची एसटी पकडली. शर्टाच्या खिशात अळीनं पोखरलेली कपाशीची चार बोंडं होती. कीटकशास्त्राच्या मंडपात एक शास्त्रज्ञ शेतकऱ्यांशी बोलत होते. मी कडेला उभा राहून मनात वाक्य जुळवत होतो. ‘मले’ म्हणावं की ‘मला’? ‘सर’ म्हणावं की ‘साहेब’? गर्दी पांगली, ते चहाला गेले, परत आले, तरी माझं वाक्य काही जुळलं नाही. परतीच्या गाडीत खिशात हात घातला तर बोंडांचा चुरा झालेला. त्या हंगामात आणखी तीन फवारण्या केल्या, दुकानदार म्हणेल त्या औषधाच्या. अळी तशीच राहिली आणि उधारी वाढली.

मला वाटत होतं की मी उपकार मागायला चाललो आहे. माझ्या खिशात त्या माणसाच्या कामाची वस्तू आहे, हे डोक्यातच आलं नाही. शास्त्रज्ञाकडे प्रयोगाचे प्लॉट असतात, पुस्तकं असतात. पण तुमच्या नाल्याकाठच्या वावरातली पऱ्हाटी त्यानं पाहिलेली नसते. ती तू रोज पाहतेस. रावेच्या, म्हणजे कॉलेजनं गावात राहून शेतीकाम करायला लावलेल्या महिन्यांत तू बोंडअळीच्या नर पतंगांना वासानं ओढणाऱ्या कामगंध सापळ्यांची वही ठेवलीस, रोज सापडलेले पतंग मोजले. ती वही हीच तुझी ओळख आहे.

आणि बोलीची लाज तर मुळीच नको. गुलाबी बोंडअळी लागलेल्या, गुलाबकळीसारख्या मिटून राहिलेल्या फुलाला आपण डोमकळी म्हणतो. कृषी विभागाच्या माहितीपत्रकातही तोच शब्द छापतात. आपल्या तोंडचा शब्द शास्त्राला चालतो, मग ‘मले’ का चालू नये?

पहिला निरोप कसा लिहायचा ते विचारलं होतंस. मी असा लिहीन:

"नमस्कार सर. मी दारव्हा तालुक्यातली, बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या चार एकर कपाशीत हेक्टरी ५ या हिशेबानं कामगंध सापळे लावले आहेत. सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ हून जास्त पतंग आले, म्हणजे नुकसानीची पातळी ओलांडली. पण २० हिरवी बोंडं फोडली तर एकाच बोंडात अळी सापडली. गावाजवळ कापसातली सरकी काढणारी जिनिंग आहे. पतंग तिथून येत असतील का? फवारणीचा निर्णय सापळ्यावरून घ्यावा की बोंडं पाहून? वहीच्या पानांचे फोटो सोबत जोडले आहेत."

यात नोकरीचा विषय कुठंच नाही. "सर, काही जॉब असेल तर सांगा" याला माणूस काय उत्तर देणार? वरच्या प्रश्नाला मात्र कामावर प्रेम करणारा माणूस थांबून उत्तर देतो. दहा दिवसांत काही आलं नाही तर एकदाच आठवण कर. तरीही नाही आलं तर दुसऱ्याला विचार. मनाला लावून घेऊ नको, खरिपात त्यांचीही धावपळ असते. सकाळी फुलांचे फोटो आणि सुविचार तेवढे पाठवू नको.

उत्तर आलं, तर खरं काम त्यानंतरचं. त्यांनी सांगितलं ते करून बघ आणि पंधरा दिवसांनी काय झालं ते कळव. फसलं असेल तर तेही लिही. सल्ला घेऊन जाणारे पुष्कळ असतात, परत येऊन सांगणारा क्वचित. माझ्या आयुष्यातल्या ज्या दोन-तीन माणसांनी मला पुढं बोलावलं, ती या परत सांगण्यामुळंच जोडली गेली. पुढं कुठं जागा निघाली तर त्यांना आपसूक तू आठवशील.

तू म्हणतेस, आपल्याला ओळखणारं कोण आहे? मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली एक लेख छापला. बॉस्टनजवळच्या एका गावात त्यानं लोकांना विचारलं होतं की नोकरी कशी मिळाली. ओळखीतून मिळालेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के जणांना ती अशा माणसाकडून कळली होती, ज्याची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. आपल्या पारावर बघ ना, तलाठी भरती नि पोलीस भरती यापलीकडं बातमी नसते. वेगळी बातमी येते ती जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकडून, कृषी विज्ञान केंद्राच्या गाडीवरच्या माणसाकडून, दोन वर्षं पुढं असलेल्या तुझ्या कॉलेजच्या ताईकडून. सुरुवात त्या ताईपासूनच कर. तिच्याशी बोलताना घसा कोरडा पडत नाही, आणि ती पुढचा नंबर देईल.

एक गोष्ट तू मुलगी आहेस म्हणून सांगतो, कारण तुझ्या आईला हीच धास्ती आहे. निरोप कार्यालयाच्या वेळेत, कामापुरता. भेट कार्यालयात किंवा मेळाव्यात. कोणी कामाचं सोडून भलतं बोलू लागला तर तिथंच तोड आणि घरी सांग. त्यात तुझी चूक नसते. एका अशा माणसामुळं बाकीचे दरवाजे मात्र स्वतःहून लावून घेऊ नको.

विद्यापीठाची शेतं दाखवणाऱ्या यंदाच्या शिवारफेरीला अकोल्याला मीही येतो. बोंडं आदल्या संध्याकाळी तोड आणि कागदी पिशवीत घे, प्लास्टिकमध्ये घाम सुटून ती सडतात. पिशवीवर तारीख आणि सापळ्याचा नंबर लिही. मंडपात मी मागं उभा राहीन, बोलायचं तू.

तुझा,
काका