काळ्या रानातील जुनी पाइपलाइन आणि रडारने दिलेली खोली

चिकोडीजवळच्या उसाच्या रानात घर बांधण्यापूर्वी उपसा सिंचनाची जुनी बिडाची पाइपलाइन जमिनीच्या रडारने (जमिनीत रेडिओलहरी सोडून खालून परतणाऱ्या लहरी टिपणाऱ्या यंत्राने) शोधावी का, आणि तीन मीटरपर्यंत सर्व दिसेल हा एजन्सीचा शब्द धरावा का, असे आपण विचारले आहे. निपाणीकडच्या आमच्या रानात हाच प्रश्न होता. मी भूशास्त्राचा जाणकार नाही, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

तीन मीटरचा शब्द धरू नये. कोरड्या वाळूत कित्येक मीटर खालचे टिपणारे यंत्र ओल्या काळ्या मातीत बहुधा मीटरभरातच आंधळे होते, कारण चिकणमाती लहरी शोषून घेते.

आमचे नुकसान मात्र खोलीच्या आकड्याने केले. रडार खोली मोजत नाही. ते लहर जाऊन परत येण्याचा वेळ मोजते, आणि त्या वेळेला मातीतील वेगाने गुणून निम्मे केले की खोली निघते. हवेत हा वेग नॅनोसेकंदाला, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाला, 30 सेंटीमीटर असतो, कोरडसर मातीत साधारण 10, तर भिजलेल्या चिकणमातीत 6 च्या आसपास. म्हणजे 30 नॅनोसेकंदांनी परतलेली लहर एका हिशेबाने दीड मीटर खोली सांगते आणि दुसऱ्याने 90 सेंटीमीटर. पाऊस नुकताच सरलेला असताना आलेल्या एजन्सीने यंत्रात कोरड्या मातीचा वेग तसाच ठेवला, रंगीत नकाशावर ‘पाच फूट’ लिहून दिले, आणि त्या भरवशावर जेसीबीवाल्याने वरची माती बिनधास्त उचलली. तीन फुटांवरच बकेटचा दात पाइपात शिरला. लाइन चालू होती. ऐन पाळीत खालच्या रानांचे पाणी तुटले आणि भावकीचे बोल आम्ही ऐकले. मूळ नोंदी मागितल्यावर ‘त्या आमच्या मालकीच्या’ असे उत्तर आले. पूर्ण पैसे घेऊन नुसता नकाशा हाती ठेवणे ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे.

म्हणून मूळ फायली आणि धरलेला वेग देण्याचे आधी लेखी घ्यावे. एअर व्हॉल्व्हच्या (लाइनीतील हवा बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) चेंबरात पाइप उघडा असतो. तेथे जमिनीपासून पाइपाच्या माथ्यापर्यंत टेपने मोजावे, चेंबरालगत लाइनीला आडवी रडारची फेरी मारून घ्यावी आणि त्या मापावरून वेग ठरवायला लावावा. सरी-वरंबे आधी सपाट करावेत, नाहीतर अँटेना जमिनीला टेकतच नाही.

खरे तर बिडाच्या लाइनीला पाइप लोकेटर (धातूच्या पाइपात विजेचा प्रवाह सोडून वरून त्याचा माग काढणारे यंत्र) आधी लावून पाहावा, असे माझे मत आहे; जोडांत रबरी रिंगा असतील तर मात्र त्याचा प्रवाह पुढे जात नाही. गावातील जुन्या पाटकऱ्याला विचारणे तर फुकटच आहे. खुणेच्या जागी आधी हाताने चाचणीचा खड्डा घ्यावा आणि पाइपाचा माथा दिसल्याशिवाय जेसीबी जवळ येऊ देऊ नये. याच फेरीत बोअरचे पाणीही दाखवतो, असे कोणी म्हणाल्यास त्याला वाटेला लावावे.