रद्द झालेला गेम हाती घेताना

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

'शूटिंग आर्केड' पूर्ण करायला घ्यायचा, असं तू कळवलंस. अटारी कंपनीच्या २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रासाठी लाइट गनचा, म्हणजे पडद्यावर रोखायच्या खेळण्यातल्या बंदुकीचा, एकच गेम दुकानात पोचला, तो म्हणजे 'सेंटिनेल'. 'शूटिंग आर्केड' कधी विक्रीला आलाच नाही, मागे राहिला तो प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठी बनवलेली प्रत. त्याला हात लावायची तुझी ओढ मला समजते. पण एक सांगतो आणि ते ऐकच: त्यात एकही बाइट बदलण्याआधी तो आहे तसा पूर्ण वाचून काढ.

गेम रद्द झाला म्हणजे फसलाच असणार, असं धरून चालू नकोस. हातात रत्न लागलंय, असंही नको. २६०० हे १९७७ चं यंत्र. अटारीची एक्सजी-१ ही लाइट गन १९८७ मध्ये त्यांच्याच एक्सई गेम सिस्टिम या दुसऱ्या यंत्राबरोबर आली, तेव्हा २६०० दहा वर्षांचं झालं होतं. तोवर अमेरिकेत निन्टेन्डोची झॅपर ही लाइट गन आणि तिचा 'डक हंट' गेम घरोघरी पोचत होते, आणि अटारी कंपनी आपलं २६०० पन्नास डॉलरच्या आत विकत होती. १९९२ च्या सुरुवातीला ते यंत्र बंदच झालं. अशा उतरत्या काळात चांगले गेमही कपाटात राहतात.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे बहुतेकांनी लाइट गन पाहिली ती नव्वदच्या दशकातल्या नकली व्हिडिओ गेमबरोबर, बदकं मारायच्या कॅसेटमध्ये. तुझ्या डोक्यातही तीच असणार. तिचं काम सोपं आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीला उजेड दिसला तर नेम लागला. आपला रोख पडद्यावर नेमका कुठे आहे, हे त्या बंदुकीला कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

एक्सजी-१ वेगळी आहे. पिक्चर ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत रेषेमागून रेष फिरत चित्र काढतो; तो तिच्या नेमासमोरून गेला की त्याच क्षणी ती इशारा देते, आणि तो इशारा जॉयस्टिकच्या फायर बटणाच्याच तारेनं आत येतो. एक्सईमधली अँटिक चिप तेव्हाची झोताची जागा आपणहून दोन रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या छोट्या खान्यांत, टिपून ठेवते. २६०० मध्ये अशी सोय नाही. मेमरी १२८ बाइट, चित्र साठवायला जागाच नाही. झोत पुढे सरकत असताना प्रोग्रॅमनं रेषेमागून रेष तयार करत जायचं. एका रेषेला ७६ क्लॉक सायकल, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. तेवढ्यात रंग भरायचे, आकृत्या बदलायच्या, आणि बंदुकीकडेही बघायचं!

हिशेब मांडून बघ. दुसरं काही न करता नुसतं त्या तारेकडे बघत राहिलं तरी एका फेरीला सुमारे ६ सायकल जातात. एका सायकलमध्ये झोत ३ ठिपके पुढे जातो. म्हणजे १६० ठिपक्यांच्या रुंदीत १८ ठिपक्यांपर्यंत चूक. त्याच रेषेवर चित्रही काढायचं असेल तर एवढी सवडसुद्धा नाही. कितव्या रेषेवर इशारा आला हे सहज कळतं, त्या रेषेवर नेमका कुठे हे कळणं अवघड. लक्ष्यं किती मोठी ठेवायची, एका रेषेवर किती ठेवायची, हे सगळं या अडचणीतूनच ठरतं. म्हणून तुझ्या आवडीनिवडी त्या गेमवर लादण्याआधी स्टेला या २६०० च्या इम्युलेटरचा, म्हणजे संगणकावर ते यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, डिबगर (गेम पायरीपायरीनं तपासायचं साधन) उघड. बंदुकीचा इशारा जिथे येतो ते इनपुट रजिस्टर कुठे कुठे वाचलं जातं, कितव्या रेषेवर, कितव्या सायकलला, हे वहीत उतरवून काढ. कंटाळवाणं काम आहे, पण तो प्रोग्रॅमर तुला भेटेल तो इथेच.

इम्युलेटरवर माउसनं खेळून मत बनवू नकोस. बंदूक हातात घेऊनच खेळ, आणि त्यासाठी पिक्चर ट्यूबचा टीव्ही शोध. एलसीडीवर झोतच नसतो, तिथे ही बंदूक आंधळी. टीव्हीच्या मेनूत किंवा मागच्या पट्टीवर एनटीएससी ही अमेरिकन टीव्ही पद्धत आहे ना, ते बघून घे; आपल्याकडच्या नुसत्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर अमेरिकन यंत्राचं चित्र काळं-पांढरं येईल नाहीतर फिरत राहील. टीव्ही मात्र स्वतः उघडायचा नाही. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरतो.

कधी खरा प्रोटोटाइप हाती आला तर आधी खेळत बसू नकोस. त्यातल्या ईप्रॉमच्या, म्हणजे गेमचा प्रोग्रॅम साठवलेल्या, पुसता येणाऱ्या चिपच्या काचेवरचा कागद काढू नकोस, त्या खिडकीतून जाणारा अतिनील प्रकाश मजकूर पुसतो. प्रकाश लागला नाही तरी इतक्या वर्षांत चिपमधला भार हळूहळू गळतोच. चिप दोन-तीनदा वाचून घे, प्रती ताडून बघ, मूळ फाइल वेगळी ठेव.

राहिलं 'पूर्ण करणं'. माझं मत स्पष्ट आहे: तू भर घातलेल्या गेमला 'शूटिंग आर्केड' म्हणू नकोस. त्यातून शिकलेलं वापर, स्वतःचा बंदुकीचा गेम लिही, त्याला स्वतःचं नाव दे. २६०० वर या बंदुकीसाठी इतकं थोडं लिहिलं गेलंय की तुझ्या गेमला भरपूर जागा आहे.

पहिल्या पडद्याचा रेषावार तक्ता झाला की मला पाठव. खाडाखोड असली तरी चालेल, पण सायकलचे आकडे गाळू नकोस.

तुझा,
काका