कृषी सल्ला: फणसाच्या फळ्या उन्हात चिरतात, मग सोलरवर वाळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी. या आठवड्यात लाकडाबद्दल दोन प्रश्न आलेत. लांज्याच्या एका दादांनी रीतसर परवानगी घेऊन दोन जुने फणस तोडले, सॉ मिलवर दीड इंची फळ्या काढल्या, अंगणात उन्हात टाकल्या आणि आठ दिवसात टोकांना वीतभर चिरा गेल्या. ते विचारतात, आंबापोळीचा सोलर ड्रायर आहे त्यात उरलेल्या फळ्या टाकू का. दुसरा प्रश्न गुहागरच्या ताईंचा, फळी वाळली हे ओळखायचं कसं, सुतार म्हणतो वाळली आणि दार बसवल्यावर पावसाळ्यात लागतंच नाही.

दादा, चूक उन्हाची नाही, घाईची आहे. तुम्ही भात करता म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो, ओलं भात एकदम कडक उन्हात तापवलं की दाण्याला आत बारीक तडे जातात आणि गिरणीत कणी पडते, बरोबर ना? फळीचं तेच होतं. वरचा थर झटकन सुकून आकसतो, आतलं लाकूड अजून ओलं असतं ते आकसायला तयार नसतं, मग वरचा थर फाटतो. आणि टोकातून तर पाणी बाजूपेक्षा कितीतरी पटीने लवकर निघतं म्हणून पहिली चीर तिथेच. गेलेली चीर परत मिटत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागेल. पण जे ओंडके अजून कापायचे राहिलेत त्यांच्या तोंडांना आजच जाड ऑइल पेंट नाहीतर वितळवलेलं मेण फासा, उद्यावर टाकू नका.

आता ड्रायरचं. आंबापोळीच्या ड्रायरमध्ये लाकूड घालू नका. तो ट्रेसाठी बनवलेला असतो, थप्पीतून हवा खेळत नाही, आणि घुणा लागू नये म्हणून फळ्यांना बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दिलं असेल तर खायच्या जागेत ते नकोच. लाकडासाठी वेगळं सोलर किल्न, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर लाकूड वाळवायची बंदिस्त खोली, करा, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने यावर फार पूर्वीपासून काम केलंय आणि बांधायला ते अवघड नाही. दक्षिणेकडे उतरतं छप्पर, आपल्याकडे 20 अंशाच्या आसपास उतार पुरतो, वर पॉलीहाऊसचा 200 मायक्रॉनचा यूव्ही पेपर (प्लास्टिकचा कागद), त्याच्याखाली वीतभर अंतर सोडून काळा रंग दिलेला पत्रा, आणि पत्र्याखाली फळ्यांची थप्पी. पंखा असा बसवायचा की पत्र्यावरची गरम हवा मागून खाली येईल आणि थप्पीच्या आडवी जाईल. पत्रा आणि थप्पी यांच्यामधली फट ताडपत्रीने बंद करा नाहीतर हवा वरच्या वर पळते, फळ्या तशाच ओल्या. पंखा घेताना मोटर आतल्या उष्णतेला टिकेल का ते विचारून घ्या, दुपारी आत 50 अंशाच्या वर जातं आणि साधा टेबल फॅन जळतो.

मापाचा ठोकताळा असा, 1 घनफूट लाकडाला साधारण सव्वा चौरस फूट पेपर. तुमचं लाकूड समजा 40 घनफूट भरलं तर 6 बाय 8 फुटाचं छप्पर पुरे. इथे लोक चुकतात, किल्न मोठं बांधतात आणि अर्धंच भरतात. मग थोड्या लाकडावर सगळं ऊन, म्हणजे परत अंगणातलाच प्रकार. लाकूड कमी असेल तर पेपरवर अर्ध्या भागात शेडनेट टाका.

थप्पी लावणं हे अर्धं काम आहे, इथे कंटाळा करू नका. खाली जमिनीपासून फूटभर उंच सपाट बैठक, प्रत्येक थरामध्ये 1 इंच जाडीच्या सुक्या रिपा, दीड-दीड फुटावर, आणि वरची रीप बरोबर खालच्या रिपेच्या डोक्यावर. रीप सरकली की फळी तिथे वाकणार आणि वाकलेली फळी रंध्याने सरळ करता करता निम्मी भुश्यात जाते. सगळ्यात वर चिऱ्याचे दगड ठेवा. एका थप्पीत एकाच जाडीच्या आणि एकाच झाडाच्या फळ्या, फणस आणि आंबा एकत्र नको. आंब्याचं लाकूड दमट हवेत पडून राहिलं की काही दिवसात निळं-काळं पडतं, त्याची थप्पी कापली त्याच दिवशी लावायची.

ताजी फळी थेट किल्नमध्ये टाकण्यापेक्षा आधी पडवीत किंवा शेडमध्ये सावलीत अशीच थप्पी लावून ओलावा 25-30 टक्क्यांवर येऊ द्या. नंतर किल्नमध्ये इंची फळीला दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसात महिनाभर धरा, दीड इंचीला जास्त. पंखा फक्त दिवसा, संध्याकाळी बंद, किल्नमधली दमट हवा बाहेर सोडायची झडप सुरुवातीला बोटभरच उघडी. सकाळी पेपरला आतून पाण्याचे थेंब ओघळताना दिसले तर अजून थोडी उघडा. रात्री किल्न गार होतं, आतली हवा दमट होते आणि फळीचा वरचा थर थोडा ओलावा परत घेऊन सैलावतो. ही रात्रीची विश्रांती फुकट मिळते, म्हणूनच नवशिक्याला मी सोलरच सांगतो, रात्री शेगडी वगैरे लावून घाई करू नका. पावसाळ्यात मात्र फारसं काम होत नाही, जून ते सप्टेंबर झडपा बंद.

ताई, तुमचं उत्तर आता. हात लावून, ठोकून कळत नाही, वजन करा. फळीच्या टोकापासून फूटभर आत इंचभर रुंद तुकडा कापा, लगेच सोनाराच्या नाहीतर किचनच्या काट्यावर वजन करा, मग ओव्हनमध्ये 103 अंशाच्या आसपास वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा ओला 240 ग्रॅम, सुका 150, म्हणजे 90 ग्रॅम पाणी, भागिले 150, ओलावा 60 टक्के. त्याच फळीचा उरलेला भाग त्याच वेळी 8 किलो भरला तर त्यात निव्वळ लाकूड 5 किलो (8 भागिले 1.6). तिची तोंडं रंगवून ती थप्पीत अशी ठेवा की सहज ओढून काढता येईल आणि दर तीन-चार दिवसांनी वजन वहीत लिहा. ती 5 किलो 600 ग्रॅमवर आली की 12 टक्के झालं, कोकणातल्या दारासाठी एवढं बास. फर्निचर घाटावर जाणार असेल तर अजून थोडं खाली, 10 पर्यंत. आणि दार चौकटीत बसवताना पावसाळ्यात फुगायला थोडी फट ठेवायला सुताराला सांगाच, वाळलेलं लाकूड पण आषाढात हवेतलं पाणी घेतं, शिवाय दाराच्या वरच्या-खालच्या कडांना पण पॉलिश लागलंय का ते बघून घ्या, त्या कडा बऱ्याचदा कोऱ्याच राहतात.

दादा, उरलेल्या फळ्या आज सावलीत घ्या आणि पहिल्या तीन वजनांचा वहीचा फोटो पाठवा, झडप किती उघडायची ते आकडे बघून सांगतो.