श्रीहरिकोट्याहून एकाच रॉकेटमधले अनेक उपग्रह सुटताना जमिनीवरून दिसतात का?

नाही. २६ मार्च २०२३ ला इस्रोच्या एलव्हीएम३ रॉकेटने वनवेब या इंटरनेट-उपग्रह कंपनीचे ३६ उपग्रह नेले. ते उड्डाणानंतर साधारण २० मिनिटांनी, ४५० किमी उंचीवर, चार-चारच्या गटाने सुटू लागले. गटांमध्ये वेळेचं अंतर ठेवतात, नाहीतर टक्कर होईल.

बघण्यासारखी आहेत ती पहिली दोन-तीन मिनिटं, आणि ती मोबाइलच्या पडद्यातून अजिबात बघू नका! एलव्हीएम३ उठतं ते बाजूच्या दोन घन इंधनाच्या बूस्टरांच्या जोरावर. मधली द्रव इंधनाची इंजिनं दोन मिनिटं होत आली की हवेतच पेटतात, मग बूस्टर गळतात. आवाज किलोमीटरमागे तीन सेकंद उशिरा पोचतो.

प्रेक्षक गॅलरीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी लागते. ओळखपत्र न्या. जवळचं स्टेशन सुल्लुरपेटा.