जर्मनीतल्या नोकरीचा अर्ज: कुपवाडच्या ताईंना उत्तर

ताई, कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहात, मुलगा दुसरीत आहे आणि जर्मनीतल्या कंपनीत निदान वाचला तरी जाईल असा अर्ज कसा लिहायचा, असं विचारलंत. मी मिरजेची, लाईन तीच, आता बव्हेरियात. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

सीव्हीतलं 'हार्डवर्किंग, सिन्सिअर' काढा. वडिलांचं नाव, धर्म, खालचं डिक्लेरेशन, सगळं काढा. 'मापं घ्यायच्या सीएमएम मशीनवर व्हॉल्व्ह बॉडी तपासते, पार्टच्या मंजुरीची पीपीएपी फाईल मीच करते, रिजेक्शन इतकं होतं ते इतक्यावर आणलं' असं लिहा. आपले टक्के इथं कुणाला कळत नाहीत. इथं 1 म्हणजे उत्तम, 4 म्हणजे काठावर पास. 100 मधून तुमचे टक्के वजा करा, पासिंग 40 असेल तर 60 ने भागा, 3 ने गुणा, त्यात 1 मिळवा. माझे 72, म्हणजे 2.4. दोन्ही लिहा.

राजीनाम्याआधी एचआरकडून कामाचं सविस्तर पत्र घ्या. इथं जुनी कंपनी पानभर लिहून देते. आपल्याकडं 'अमुक ते तमुक तारीख, कंडक्ट गुड' की झालं. माझ्या एचआरवाल्यांचं एकच, 'मॅडम, तसा फॉरमॅट नाही.' शेवटी मजकूर मीच टाईप करून नेला, सही-शिक्का घेतला. आणि डिग्रीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं असेल तर लग्नाच्या दाखल्याचं भाषांतर पहिल्याच पीडीएफमध्ये घाला. ही बाई तीच का, याच्या मेलामेलीत माझा अख्खा पावसाळा गेला.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जरा जास्त. पुढं चला.

खरं सांगायचं ते वेगळंच. जाहिरातीत पगाराआधी राज्य बघा. बव्हेरियात चौथीतच पोरांची वाटणी होते. गिम्नाझियमला, म्हणजे थेट विद्यापीठाकडं जाणाऱ्या शाळेत जायला, जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी 2.33 लागते. माझी लेक मध्येच आलेली. गणितात 1, परिसरात 3, जर्मनमध्ये 4. झाले 2.66. उशिरा आलेल्या पोरांना भाषेमुळं 3.33 पर्यंत सवलत देता येते, पण ते शाळेनं ठरवायचं. बाई गोड हसून म्हणाल्या, 'तिच्यावर ताण नको.' गणितात 1 आणणाऱ्या पोरीला! नवरा म्हणतो, रेआलशूलेतूनही, म्हणजे दहावीपर्यंतच्या मधल्या शाळेतूनही, इंजिनिअर होता येतं. येतं, मलाही माहीत आहे. पण माझ्या 2.4 ला इथं नोकरी मिळाली आणि तिच्या 2.66 ला दार बंद, हे मला अजून पचलेलं नाही. तिला मात्र शाळा आवडते.

बर्लिन, ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते. तुमच्या मुलाला तेवढी दोन वर्षं जास्त मिळतील. तिथल्या जाहिराती आधी काढा, आणि सीव्ही झाला की मला पाठवा, बघून देते.