ॲरिझोनात येतेस, तर आधी व्हिसा आणि मग पिस्तूल

तू लिहिलंस की नागपुरात चार वर्षं दहा मीटर एअर पिस्तूल केलं, ऑगस्टमध्ये एमएससाठी ॲरिझोनाला येतेस, टोरोंटोचंही ॲडमिट हातात आहे, आणि इकडच्या प्रॅक्टिकल पिस्तूल मॅचेस (खऱ्या गोळ्यांनी, हालचाल करत, वेळ लावून खेळायच्या) खेळायच्या आहेत. ताई, कोणतं पिस्तूल घेऊ आणि एअर पिस्तुलाचा काही उपयोग होईल का, असे तुझे दोन प्रश्न. मी नागपूरच्या धरमपेठेतली. 2003 पासून फिनिक्सच्या बाजूला राहते, 2012 पासून हा खेळ खेळते.

पिस्तुलाच्या आधी व्हिसाचं बोलू, कारण इथे चूक झाली तर शिक्षण आणि नोकरी दोन्ही जातील. विद्यार्थ्यांच्या एफ-1 किंवा नोकरीच्या एच-1बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मनाई आहे. बाळगणं म्हणजे नुसती मालकी असं समजू नकोस. रेंजवर अर्ध्या तासासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही त्यात येतं, आणि रूममेटने 'एकदा चालवून बघ' म्हणून हातात दिलेलंही. कायद्यात थोडे अपवाद आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. मार्ग कायदेशीर आहे, पण त्यावर चालण्याआधी इमिग्रेशन वकिलाकडून लेखी सल्ला घे आणि तो जपून ठेव. दुकानात खरेदीच्या वेळी 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात नागरिकत्व आणि व्हिसाची माहिती विचारतात. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. मला ग्रीन कार्ड 2011 मध्ये मिळालं, आणि त्याआधीची आठ वर्षं मी एकही गोळी झाडली नाही. फार जड गेलं, पण आज त्याचं दुःख नाही.

टोरोंटोचं थोडक्यात सांगते. कॅनडाने 21 ऑक्टोबर 2022 पासून सामान्य माणसांना हँडगन विकत घेणं बंद केलं आहे. सूट आहे ती मुख्यतः ऑलिंपिक प्रकारांना, आणि प्रॅक्टिकल त्यात बसत नाही. हा खेळ तुला खरंच महत्त्वाचा असेल तर निर्णय घेताना हे धरून चाल.

मग विद्यार्थी असताना काय करायचं? दोन गोष्टी, आणि दोन्ही मला कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली एअरसॉफ्ट, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे मारणारी नकली पिस्तुलं. बंदुकीची दारू नसल्यामुळे केंद्रीय कायद्यात एअरसॉफ्ट किंवा एअर पिस्तूल 'फायरआर्म' ठरत नाही. आयपीएससी या प्रॅक्टिकल नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा ॲक्शन एअर नावाचा प्रकारच त्यावर खेळला जातो. होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) काढणं, मॅगझिन बदलणं, एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाणं, हे सगळं त्यावर शिकता येतं. फक्त विद्यापीठाचे आणि हॉस्टेलचे नियम आधी वाच. कॅम्पसवर खेळण्यातलं पिस्तूल दिसलं तरी पोलीस येतात.

दुसरी गोष्ट, मॅच बघायला जा. प्रॅक्टिस्कोर नावाच्या वेबसाइटवर सगळ्या मॅचेस दिसतात. मेसामधला रिओ सलाडो स्पोर्ट्समन्स क्लब आणि फिनिक्सची बेन ॲव्हेरी रेंज तुला जवळ पडतील. बंदुकीला हात न लावता टार्गेटवरच्या भोकांवर पट्ट्या चिकटव, पडलेली स्टील टार्गेटं उभी कर, रेंज ऑफिसरच्या मागे उभी राहून स्कोअर कसा घेतात ते बघ. इथे खेळणारा प्रत्येक जण ही कामं करतो, म्हणून मदत करणारा माणूस लगेच ओळखीचा होतो. उन्हाळ्यात मॅच पहाटेच सुरू होतात. मे महिन्यात दुपारी नागपूरच्या बर्डीवर उभं राहिलेल्या माणसाला हे ऊन नवीन नाही, तरी पाणी दुप्पट ने.

आता खेळाविषयी. आयपीएससीची स्थापना 1976 मध्ये मिसूरीतल्या कोलंबियात झाली, आणि ब्रीद लॅटिनमधले तीन शब्द: अचूकता, ताकद, वेग. इथली तिची शाखा यूएसपीएसए. गुण भागिले सेकंद म्हणजे हिट फॅक्टर, त्यावर सगळं ठरतं. समज, 32 गोळ्यांची स्टेज (मॅचमधली एक फेरी) आहे, म्हणजे जास्तीत जास्त 160 गुण. तू 20 सेकंदांत 150 मिळवलेस तर हिट फॅक्टर 7.5. दुसऱ्याने 16 सेकंदांत 130 मिळवले, त्याचे 8.125, तो पुढे. पण त्याच 16 सेकंदांत तुझ्या 150 मधले दोन ए (टार्गेटच्या मधल्या भागातले, पाच-पाच गुणांचे नेम) हुकले, तर त्यांचे 10 गुण गेले, वर दर मिसला 10 दंड, राहिले 120. पुन्हा 7.5. चार सेकंदांची कमाई दोन गोळ्यांनी खाल्ली. हा हिशोब वहीत तीनचार प्रकारे मांडून बघ, खेळ आपोआप कळायला लागेल.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. प्रॅक्टिकलच्या टार्गेटचा ए झोन साधारण 15 सेंटिमीटर रुंद आणि 28 सेंटिमीटर उंच असतो. तू 11.5 मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर नेम धरत आलीस. प्रॉडक्शन आणि कॅरी ऑप्टिक्स या विभागांत सगळ्यांचे गुण 'मायनर'ने, म्हणजे कमी ताकदीच्या काडतुसांच्या हिशोबाने मोजतात: ए ला 5, त्याबाहेरच्या सी ला 3, डी ला 1. तिथे अचूक मारणाऱ्याला चांगला भाव आहे. त्याहून मोठी देणगी म्हणजे कॉल. चाप सुटला त्या क्षणी साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) कुठे होती ते पाहून छर्रा कुठे गेला हे तू टार्गेट न बघता सांगतेस ना? इकडे लोक वर्षानुवर्षं घालवतात त्या सवयीसाठी. एका हाताने मारायची स्टेज आली की तू सरळ पुढे निघशील.

मोडाव्या लागतील त्या सवयीही सांगते. साइट अगदी स्थिर होण्याची वाट बघणं, हे पहिलं. सात यार्डांवर ती थोडी हलत असतानाच चाप ओढायचा असतो, आणि एअर पिस्तूलवाल्याचं मन ते मान्य करत नाही. माझंही दीड वर्ष केलं नाही. दुसरं, आडवं उभं राहणं. इथे छाती टार्गेटकडे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही हात पिस्तुलावर, आणि डाव्या हाताची पकड उजव्यापेक्षा घट्ट.

सरावाचं माझं ठाम मत आहे: रोज 15 मिनिटं ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय चाप ओढायचा सराव, आठवड्यातून एकदाच केलेल्या दोन तासांपेक्षा फार चांगलं. टायमर लाव, खोलीत एकही गोळी ठेवू नको, आणि प्रत्येक दिवशी एकच गोष्ट घे. आज फक्त होल्स्टरमधून पहिला शॉट, उद्या फक्त मॅगझिन बदलणं.

सुरक्षेत सूट नसते. पिस्तुलाचं तोंड 180 अंशांच्या रेषेमागे (टार्गेटकडे तोंड केल्यावर आपल्या डाव्या-उजव्या बाजूंना जाणाऱ्या आडव्या रेषेमागे) गेलं, धावताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर राहिलं, की मॅच तिथेच संपते. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावीकडे धावत मॅगझिन बदललं की तोंड मागे वळायला फार वेळ लागत नाही. पहिल्याच वर्षी मी अशीच डिसक्वालिफाय झाले. बॅग बंद केली आणि संध्याकाळपर्यंत पट्ट्या चिकटवत राहिले. ऑफिसर बरोबर होता.

पिस्तूल घ्यायची वेळ आली की नऊ मिलिमीटरचं, जुनंही चालेल: ग्लॉक 17 किंवा सीझेड शॅडो 2. बाकी ट्रिगरगार्ड (चापाभोवतीची कडी) पूर्ण झाकणारा होल्स्टर, चार-पाच मॅगझिन, कानांचं आणि डोळ्यांचं रक्षण. क्लब मॅचला साधारण दीडशे गोळ्या लागतात. महाग पिस्तुलापेक्षा ते पैसे गोळ्यांवर घाल.

आणि ही एक गोष्ट कधीही विसरू नको. रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना कधीही वापरायची नाही. एका वर्षी नागपूरला निघायच्या आदल्या रात्री मी बॅगेचा आतला कप्पा उलटा करून झटकला, आणि एक रिकामं काडतूस फरशीवर पडलं. भरलेलं असतं आणि विमानतळावर सापडलं असतं, तर शस्त्र कायदा 1959 खाली गुन्हा नोंदवला गेला असता, मुद्दाम आणलं की चुकून हे नंतर कोर्टात. त्या दिवसापासून घरात दोन वेगळ्या रंगांच्या बॅगा आहेत, आणि रेंजची लाल बॅग माझ्या सामानाच्या खोलीतही येत नाही.